पाठीचा त्रास असताना ताठ बसून चालवायची सायकल कशी निवडावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कमरेतली चकती सरकल्याला आता बरीच वर्षे झाली. त्या दुखण्यात सायकल सुटली आणि पुढे पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून ठाण्यात आणि नवी मुंबईत ओळखीच्या, आणि ओळखीतून ओळख निघालेल्या, माणसांबरोबर सायकल पाहायला जाण्याचा परिपाठ पडला. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे आणि त्या निदानाला कोणती सायकल सोसेल हे ठरवताना या पानाचा उपयोग करावा.

१. एमआरआयमध्ये मणक्यात गॅप आल्याचे सांगितले आहे. मी सायकल चालवू शकतो का?

‘गॅप’ हा शब्द आपल्याकडे अनेक दुखण्यांसाठी सरसकट वापरला जातो, त्यामुळे सायकल निवडताना तो काहीच सांगत नाही. चकती सरकून नस दाबली गेली आहे, मणक्यातील नलिका अरुंद झाली आहे, एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला आहे, की केवळ वयपरत्वे झीज आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि कागदावर लिहून घ्यावे. यांपैकी बहुतेक दुखण्यांत तीव्र कळ ओसरल्यावर डॉक्टर सायकलला परवानगी देतात, मात्र प्रत्येकाला बसण्याची ढब वेगळी लागते (प्रश्न ३ पाहावा).

हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल, तर खड्ड्याचा दणका आणि पडणे हे दोन्ही गंभीर ठरू शकतात. अशा वेळी डॉक्टरांच्या होकाराशिवाय रस्त्यावर उतरू नये. जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, चालताना पाऊल उचलले न जाणे यांपैकी काहीही झाले, तर सायकलचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२. ताठ बसायची सायकल म्हणजे नेमकी कोणती? दुकानात कोणत्या नावाने मागायची?

जिच्यावर बसल्यावर हँडलच्या मुठी सीटपेक्षा उंच राहतात आणि त्या धरण्यासाठी खांदे पुढे न्यावे लागत नाहीत, ती ताठ बसायची सायकल. आपल्याकडच्या दूधवाल्यांची काळी सायकल, बीएसए लेडीबर्डसारखी मधली दांडी नसलेली सायकल आणि नेदरलँड्समधली ‘ओमाफीट्स’, म्हणजे शब्दशः आजीची सायकल, या तिन्ही एकाच कुळातल्या आहेत. तिघींचेही हँडल मागे, चालवणाऱ्याकडे वळलेले असते. दुकानात ‘सिटी बाइक’ किंवा सरळ ‘लेडीज सायकल’ म्हटले की कळते. ‘हायब्रिड’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या सायकलींचे हँडल सरळ दांड्याचे असून ते बहुधा सीटच्या पातळीत किंवा थोडे वर येते. काही पाठींना तेवढे पुरते.

नावांत फारसा अर्थ नाही. टेप बरोबर न्यावी, आपल्या मापाला सीट लावून घ्यावी, आणि मग जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंतची व मुठीपर्यंतची अशी दोन्ही उंची मोजावी. मूठ ५ ते १० सेंटिमीटर वर असेल, तर ती सायकल पुढच्या परीक्षेला घ्यावी. सीट खाली दाबून मोजल्यास कोणतीही सायकल ताठ बसायची वाटते, त्यामुळे क्रम चुकवू नये.

३. ताठ बसणे पाठीला नेहमीच चांगले असते ना?

नेहमीच नाही. घाईने सायकल घेणाऱ्यांची सगळ्यांत जास्त फसगत येथेच होते.

आपली पाठ कोणत्या दिशेने दुखते हे आधी ओळखावे लागते. काहींना पुढे वाकले की त्रास होतो. बेसिनवर तोंड धुताना, चपलेचा पट्टा लावताना, रिक्षातून उतरताना कळ येते, आणि उभे राहून चार पावले चालले की हलके वाटते. चकती सरकलेल्यांपैकी अनेकांचे असे असते. आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला होता, आणि बसून पुढे वाकल्यावर तो वाढतो हे त्यातून दिसले. अशा माणसांना उंच हँडलची सायकल सोसते.

दुसऱ्या काहींचे याच्या अगदी उलट असते. उभे राहिल्यावर किंवा चालल्यावर त्यांचे पाय भरून येतात, पोटऱ्या जड होतात, आणि स्टेशनच्या पुलावर कठड्याला पुढे रेलून उभे राहिले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते. मणक्यातील नलिका अरुंद झालेल्यांत, म्हणजे डॉक्टर ज्याला लम्बर कॅनाल स्टेनोसिस म्हणतात त्यात, हे लक्षण ठळक दिसते, कारण पुढे झुकल्यावर नलिकेत नसांना थोडी जागा मिळते. पाचपाखाडीतील एका निवृत्त गृहस्थांना घरापासून भाजीच्या दुकानापर्यंत चालताना दोनदा थांबावे लागत असे, पण सायकल ते अर्धा तास सहज चालवत. पुढे त्यांच्या मुलाने काळजीपोटी खूप उंच हँडलची सायकल आणून दिली आणि तिच्यावर त्यांचे पाय भरून येऊ लागले. हँडल चार बोटे खाली घेतले, एवढ्यानेच ती तक्रार थांबली. एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकलेला असेल, तरीही कंबर मागे ताणून बसणे बहुधा सोसत नाही.

याशिवाय अगदी काटकोनात बसल्यावर शरीराचा जवळजवळ सगळा भार सीटवर येतो आणि रस्त्याचा दणका थेट कण्यात चढतो. म्हणून चकतीचा त्रास असणाऱ्यांनीही धड थोडेसे, साधारण १५ ते २५ अंश, पुढे राहील अशी मांडणी करावी, म्हणजे हात आणि पाय काही भार उचलतात. हे झुकणे खुब्यातून असावे. कमरेची कमान करून पुढे झुकल्यास सायकल कितीही चांगली असली, तरी तासाभरात पाठ बोलू लागते.

४. दुकानात गेल्यावर काय काय तपासावे?

सगळ्यांत आधी चढून आणि उतरून पाहावे. पाठीच्या रुग्णांना सायकल चालवताना होतो त्याहून अधिक त्रास पाय मागून फिरवून चढताना होतो, आणि ते दुकानातच कळते. सायकल किंचित आपल्याकडे कलती करून, ब्रेक दाबून, पाय फ्रेमवरून पलीकडे टाकावा. तेवढ्यात कंबर पिळली जात असेल, तर पुढचे काही पाहण्याची गरज नाही (प्रश्न ७ पाहावा).

दांडीची सायकल पाहायची असेल, तर पायाचे माप घरूनच घेऊन जावे. भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभे राहावे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून सीटवर बसल्यासारखे वर दाबावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत कोणाकडून तरी मोजून घ्यावे. दांडीची उंची या मापापेक्षा निदान २ ते ३ सेंटिमीटर कमी असायला हवी.

त्यानंतर सीट योग्य उंचीवर लावून घ्यावी (प्रश्न ९ पाहावा) आणि हँडल धरून बसावे. कोपरे किंचित वाकलेली आणि खांदे सैल असले पाहिजेत. आता हँडल डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवावे. लांब गेलेल्या हाताबरोबर धड ओढले जात असेल, तर हँडल आपल्यापासून दूर आहे. वळवताना मूठ गुडघ्याला लागत असेल, तर ते फार जवळ आहे. ही परीक्षा कोणत्याही आकड्यापेक्षा मला भरवशाची वाटते, कारण पाठीच्या रुग्णांची सायकल बिघडते ती बहुधा या पुढच्या अंतरात, आणि दुकानदार मात्र उंचीचेच माप सांगत राहतो.

शेवटी सायकल रस्त्यावर न्यावी, आणि निदान वीस मिनिटे चालवावी. दुकानदार का कू करतात, तेव्हा थोडी रक्कम ठेवून जावे. एखादा गतिरोधक आणि थोडे पेव्हर ब्लॉक वाटेत येतील असे पाहावे. खरेदी मात्र त्या दिवशी करू नये. पाठ आपला जबाब दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठताना देते.

५. मुलाची जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घरात पडून आहे. तिचेच हँडल उंच करून चालणार नाही का?

काही वेळा चालते. कमी किमतीच्या अनेक सायकलींत स्टेम म्हणजे हँडल धरणारा दांडा फ्रेमच्या नळीत आत उतरलेला असतो. वरचा बोल्ट सैल करून, त्यावर हलका ठोका देऊन तो वर ओढता येतो. दांड्यावर आखलेली कमाल उंचीची रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये, कारण त्यापुढे ओढलेला दांडा चालवताना निसटू किंवा मोडू शकतो. नव्या पद्धतीच्या सायकलींत स्टेम वरून आवळलेले असते आणि ते असे वर ओढता येत नाही. त्यासाठी उंची वाढवणारा जोड किंवा कोन बदलता येणारे स्टेम मिळते. दोन्ही प्रकारांत ब्रेक आणि गियरच्या केबली तोकड्या पडतात का हे हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे लागते, आणि पडत असतील तर त्या बदलण्याचा खर्च धरावा.

उंची वाढली तरी अंतर फारसे कमी होत नाही, म्हणून त्याबरोबर मागे वळलेले हँडलही बसवून घ्यावे. दुखणे सुरू झाल्यानंतर मी घेतलेली पहिली सायकल अशीच होती. जाड टायर आणि दोन्हीकडचे सस्पेन्शन पाहून ती आरामाची असेल असे मी मानले, आणि हँडल सीटच्या खाली आहे याकडे लक्षच दिले नाही. दोन महिन्यांत डावा पाय पुन्हा टाचेपर्यंत दुखू लागला. नौपाड्यातील एका मेकॅनिकने तिला जुने, मागे वळलेले हँडल आणि उंच जोड बसवून दिला, तेव्हा ती निम्मी सुधारली. चढण्याचा त्रास मात्र तसाच राहिला आणि अखेर मी ती विकली.

६. वडिलांची जुनी काळी सायकल आहे. ती दुरुस्त करून वापरावी का?

बसण्याच्या ढबीच्या दृष्टीने ती उत्तम आहे. मागे वळलेले हँडल, स्प्रिंगची रुंद गादी आणि २८ इंची चाके यांमुळे ती खडबडीत रस्त्यावरूनही सौम्यपणे जाते. अडचणी तीन आहेत. फ्रेम बहुधा २२ किंवा २४ इंचांची असते, आणि मध्यम उंचीच्या माणसाला २४ इंची फ्रेमवर टांग मारून चढावे लागते. सायकलचे वजन २० किलोच्या आसपास जाते. शिवाय दांडीचे, म्हणजे केबलीऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे, ब्रेक आणि लोखंडी रिम यांची पकड पावसात फार कमी होते, आणि अचानक ब्रेक दाबताना हात-पाठ ताठरतात. सपाट भागात राहणाऱ्या, सहज चढता येणाऱ्या आणि पावसाळ्यात सायकल बंद ठेवणाऱ्या व्यक्तीने ती जरूर दुरुस्त करावी.

७. मी पुरुष आहे. लेडीज सायकल घ्यायची म्हणजे जरा संकोच वाटतो.

हा संकोच पाठीला परवडणारा नाही. दांडी नसलेल्या फ्रेमवर पाय गुडघ्याएवढा उचलून समोरून आत टाकता येतो, आणि तोल गेला तर तितक्याच लवकर बाहेर काढता येतो. कंबर पिळण्याचा प्रसंगच येत नाही. नेदरलँड्समध्ये अशा सायकली पुरुषही सर्रास चालवतात. माझी आजची सायकल याच घडणीची आहे, आणि पाठीचा त्रास असलेल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा तीच सुचवतो. एक पाहावे : उंच पुरुषाला लेडीज सायकल अनेकदा आखूड पडते, गुडघे हँडलला लागतात. तेव्हा मोठ्या मापाची मागावी.

८. गादी जितकी मऊ तितकी चांगली का? जेलचे कव्हर घालू का?

मऊ गादी दुकानात सुखाची वाटते आणि अर्ध्या तासानंतर छळते. आपला भार बैठकीच्या दोन हाडांनी उचलायचा असतो. फार मऊ गादीत ही हाडे रुततात, भोवतालचा फोम नाजूक भागावर दाबला जातो, आणि प्रत्येक पायडलबरोबर ओटीपोट डावे-उजवे डोलू लागते. ते डोलणे कंबर सावरत राहते आणि थकते. सैल जेल-कव्हर सरकते, त्यामुळे हा दोष आणखी वाढतो.

गादीची रुंदी मात्र महत्त्वाची आहे. कडक स्टुलावर नळीदार पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा, त्यावर ताठ बसून गुडघे थोडे वर उचलावेत आणि मिनिटभराने उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजून त्यात निदान ३ सेंटिमीटर मिळवले, की ताठ बसणाऱ्याला लागणारी गादीची रुंदी ढोबळपणे मिळते. जितके ताठ बसावे तितकी रुंद गादी लागते. खाली स्प्रिंगा असलेली, वरून मध्यम कडक आणि मागे रुंद अशी गादी पाठीच्या रुग्णांना बहुधा मानवते. माकडहाड दुखत असल्यास प्रश्न १५ पाहावा.

९. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नाही का? आणि सीट सपाट ठेवायची की तिरकी?

नेहमीच्या घडणीच्या सायकलीवर दोन्ही तळवे पूर्ण टेकत असतील, तर सीट फार खाली आहे. गुडघे छातीकडे येतात, त्याबरोबर ओटीपोट मागे कलते आणि कंबर कमानीसारखी वाकते, म्हणजे ताठ सायकल घेऊनही पाठ वाकलेलीच राहते. उंची ठरवण्याची सोपी रीत अशी : भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसावे, पायडल सर्वांत खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण टाच टेकवण्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा वाक आपोआप राहतो. सीट याहून उंच असेल, तरीही प्रत्येक फेऱ्याला कंबर डोलते, आणि तो दोष मागून चालणाऱ्याला चटकन दिसतो.

सिग्नलला सीटवरून पुढे सरकून एक पाय टेकावा. याची भीती वाटत असेल, तर पहिले दोन आठवडे सीट दोन सेंटिमीटर खाली ठेवून सराव करावा आणि मग वर घ्यावी. पायडल बरेच पुढे असलेल्या काही सायकलींवर तळवे टेकूनही पाय पुरेसा सरळ होतो, मात्र त्यांवर सगळा भार पाठीच्या तळाशी येतो.

सीटच्या तिरकेपणाबद्दल १९९९ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एक इस्रायली अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सीटचे नाक १० ते १५ अंश खाली केल्यावर कंबरदुखी असलेल्या बऱ्याच सायकलस्वारांना आराम पडल्याचे त्यात आढळले. ताठ बसणाऱ्याने इतके तिरके करू नये, कारण तो पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो. सपाटापासून सुरुवात करून दोन-तीन अंश नाक खाली करून पाहावे. नाक वर मात्र मुळीच नसावे.

१०. रस्ते खराब आहेत, तर सस्पेन्शनची सायकल घ्यावी ना?

पुढच्या चाकाचे सस्पेन्शन मनगटांना वाचवते. ताठ बसणाऱ्याचा भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे पाठीला त्याचा लाभ फार थोडा होतो, आणि स्वस्त सायकलीत ते दीड-दोन किलो वजन तेवढे वाढवते. मागचे स्वस्त सस्पेन्शन पायडल मारताना हेलकावते. पाठीसाठी खरा उपाय म्हणजे दीड ते दोन इंच रुंद टायर, त्यात बेताची हवा, आणि हवा असल्यास सस्पेन्शनचा सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारी नळी. हा सीटपोस्ट जुन्या सायकलीलाही बसतो. फक्त सध्याच्या पोस्टवर कोरलेला व्यास, उदाहरणार्थ २५.४ किंवा २७.२ मिलिमीटर, पाहून त्याच मापाचा घ्यावा, आणि आपल्या वजनाप्रमाणे त्याची स्प्रिंग आवळून घ्यावी.

हवेबाबत टायरच्या बाजूवर छापलेली किमान आणि कमाल मर्यादा पाहावी. दुकानदार सवयीने कमाल मर्यादेपर्यंत भरतो आणि टायर दगडासारखा होतो. ६०-६५ किलो वजनाच्या माणसाला दोन इंची टायरमध्ये ४० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) आसपास हवा पुष्कळ होते. छापलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये, नाहीतर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते.

११. गियर आवश्यक आहेत का?

वाशी, नेरुळ, खारघरच्या सेक्टरांतल्या सपाट रस्त्यांवर नसले तरी चालते. ठाण्यात उड्डाणपूल आणि घोडबंदर रोडचे चढ-उतार आहेत, तेथे असावेत. गियर नसताना चढावर आपण हँडल ओढून पायडल दाबतो, आणि ती ओढ कमरेतून जाते. मागे सात गियर पुरेत, पुढे एकच दातेरी चाक असावे. गियर हलका ठेवून पाय भरभर फिरवावेत. येऊरचा चढ पाठ पूर्ण सावरेपर्यंत करू नये, आणि पाम बीच रोडवर खाडीचा वारा समोरून असला की सपाट रस्ताही चढासारखाच मानावा.

१२. ठाण्यात आणि नवी मुंबईत पाठीच्या रुग्णाने कोठे चालवावी?

अंतरापेक्षा रस्त्याचा पृष्ठभाग पाहून मार्ग ठरवावा. सलग डांबर किंवा काँक्रीट असलेले तीन किलोमीटर हे पेव्हर ब्लॉकच्या एका किलोमीटरपेक्षा पाठीला हलके जातात. उपवन तलावाजवळचा रस्ता किंवा खारघरचे रुंद अंतर्गत रस्ते पहाटे सोयीचे असतात. पाम बीच रोडचा पृष्ठभाग चांगला असला, तरी गाड्यांचा वेग फार असतो, म्हणून नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, आणि एका अनपेक्षित दणक्याने महिन्याची सुधारणा वाया जाते. जुलै-ऑगस्टमध्ये घरातली व्यायामाची सायकल वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गतिरोधकापूर्वी दोन्ही पायडल समान पातळीत आणून, गुडघे वाकवून, सीटवरून दोन बोटे वर उठावे. ताठ सायकलीवर हँडल जवळ असल्याने पूर्ण उभे राहता येत नाही, पण तेवढे पुरते. वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर ओळीने अंथरलेल्या बारीक उंचवट्याच्या पट्ट्यांवर उठून राहणे शक्य नसते, तेथे चालण्याच्या वेगाने जावे.

१३. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सायकल दुसऱ्या मजल्यावर न्यावी लागते.

मग सायकल घेण्याआधी हा प्रश्न सोडवावा. १५ ते २० किलोची सायकल एका बाजूला उचलून जिना चढणे चकतीच्या रुग्णाला चालवण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. सोसायटीकडे तळमजल्यावर जागा मागावी, भिंतीत लोखंडी कडी बसवून दोन कुलुपे लावावीत. अर्धा इंच उंबरठाही पुढचे चाक आधी चढवून, मग मागचे ढकलून पार करावा. मागच्या चाकाचा डबल स्टँड लावताना सायकल मागे ओढून उचलावी लागते, तेव्हा बाजूचा स्टँड बसवून घ्यावा. ऑफिसची सॅक पाठीवर न घेता कॅरिअरच्या पिशवीत किंवा पुढच्या टोपलीत ठेवावी.

१४. इलेक्ट्रिक सायकल घेतली तर पाठीवर ताण कमी येईल का?

चढावर आणि वाऱ्यात निश्चित कमी येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नोंदणी आणि परवाना लागत नाही. वजन मात्र २० ते २५ किलो असते, म्हणून प्रश्न १३ मधील अडचण दुणावते. वेग वाढल्याने दणकेही जोरात बसतात. बसण्याची ढब तपासण्याचे सगळे नियम तिलाही तसेच लागू आहेत.

१५. माझे माकडहाड दुखते. ताठ सायकल घेतल्यावर उलट वाढले.

हा अपवाद आहे. पूर्ण ताठ किंवा मागे रेलून बसल्यावर भार बैठकीच्या हाडांवरून मागे, माकडहाडाकडे सरकतो. हँडल थोडे खाली आणि पुढे घेऊन धड झुकते करावे, आणि मधोमध मागपर्यंत खाच असलेली गादी लावावी. तरीही दुखत असेल, तर दुखणे थांबेपर्यंत सायकल थांबवावी.

१६. पाठ बरी आहे, पण मान आखडते आणि मागे वळून पाहता येत नाही.

हँडल फार उंच किंवा फार जवळ असेल, तर खांदे कानांकडे उचलले जातात आणि मान आखडते. ते एक-दोन सेंटिमीटर खाली घेऊन पाहावे. वळून पाहण्याची गरज आरशाने भागते. उजव्या मुठीला लावायचा गोल आरसा थोड्या पैशांत मिळतो, आणि मान किंवा कंबर वळत नसलेल्या प्रत्येकाने तो सायकलबरोबरच घ्यावा.

१७. मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे, स्क्रू बसवले आहेत. कधी सुरू करू?

हे केवळ शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगावे. परवानगी मिळाल्यावर आधी घरातली स्थिर सायकल, आणि रस्त्यावर आल्यावर दांडी नसलेली फ्रेम, हा क्रम ठेवावा. जोडलेले मणके वाकत नाहीत, त्यामुळे प्रश्न ४ मधील हँडल वळवण्याची परीक्षा अशा व्यक्तीने विशेष काळजीने करावी.

१८. कंबरेचा पट्टा बांधून चालवू का?

डॉक्टरांनी त्यासाठीच सांगितला नसेल, तर नको. पट्ट्याची कड मांड्यांना टोचते, आणि बसण्यातला दोष त्याखाली झाकला जातो.

१९. सायकल घेऊन तीन महिने झाले, तरी पाठ दुखते. विकून दुसरी घेऊ का?

आधी किती चालवता ते पाहावे. सुरुवात दिवसाआड दहा-पंधरा मिनिटांपासून असावी आणि दर आठवड्याला पाच मिनिटांहून अधिक वाढवू नये. स्नायूंचा थकवा एका रात्रीत ओसरतो. पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या मात्र थकवा नव्हेत, त्या आल्या की थांबून डॉक्टरांना विचारावे.

केवळ कंबर दुखत असेल, तर सीटपोस्टवर आणि स्टेमवर चिकटपट्टी लावून सध्याच्या जागा खुणावून ठेवाव्यात. मग एका वेळी एकच गोष्ट, एका सेंटिमीटरने, बदलावी, आणि तीन-चार फेऱ्या झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. माझा क्रम असा : टायरमधली हवा, सीटची उंची, सीटचे नाक, सीट पुढे-मागे, आणि शेवटी हँडल. प्रत्येक बदलाची तारीख आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कशी होती, हे वहीत लिहावे. ऐरोलीच्या एका ताईंची सायकल विकायला काढलेली होती. त्यांच्या वहीतल्या नोंदींवरून दुखणे सीट उंच केलेल्या आठवड्यात सुरू झाल्याचे दिसले. सीट दीड सेंटिमीटर खाली घेतली, आणि ती सायकल अजून त्यांच्याकडेच आहे.